किती दूर, किती उजेड

रानपिंगळा हा जेमतेम २३ सेंटीमीटरचा पक्षी. १८८४ नंतर तो कुणाच्या हाती लागला नव्हता आणि तो नामशेष झाला असं पक्षितज्ज्ञ जवळजवळ धरूनच चालले होते. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात शोध घेतला, तर तिथंही त्याची चांगली वस्ती निघाली. बहुतेक घुबडांसारखा हा रात्रीची वाट पाहत नाही. पानगळीनंतर उघड्या पडलेल्या सागाच्या फांदीवर तो दिवसाढवळ्या बसलेला असतो. छायाचित्र काढणाऱ्याला याहून चांगली संधी कोणती? पण त्या फांदीपर्यंतचं अंतर कमी करायची सोय नसते. जवळ गेलात की तो उडतो, आणि सफारीच्या गाडीतून खाली उतरायला परवानगी नाही. म्हणजे अंतर रानानं ठरवलेलं आहे. आपल्या हातात उरते ती फक्त लेन्स.

हिशेब त्रैराशिकाचा आहे. लेन्सवर ५०, २००, ६०० असे जे मिलिमीटरचे आकडे लिहिलेले असतात, ती तिची फोकल लेंथ. वस्तूच्या उंचीला या आकड्यानं गुणायचं आणि वस्तूपर्यंतच्या अंतरानं भागायचं. येतो तो आकडा म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची. रानपिंगळा २० मीटरवर आहे आणि तुमच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स आहे, तर प्रतिमा सुमारे ७ मिलिमीटर उंच पडेल. बहुतेकांच्या पहिल्या कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. तो साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा. म्हणजे पक्ष्यानं चौकटीची निम्म्याच्या थोडी आत उंची व्यापली. छान चित्र झालं. तेच कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५च्या किट लेन्सनं काढलं, तर पक्षी पाऊण मिलिमीटरही भरत नाही. फांदीवर काहीतरी तपकिरी आहे एवढंच कळेल.

मग ६००ची घ्यावी, संपला प्रश्न? मेळघाटातच याचं उत्तर ‘नाही’ असं मिळतं. तिथल्याच रस्त्यावर सेमाडोहच्या पुढं वळणावर रानगवा उभा असतो. पूर्ण वाढलेला गवा नाकापासून मागपर्यंत सहज तीन मीटरच्या आसपास भरतो. तो २५ मीटरवर असेल तर २०० मिलिमीटरची लेन्सच चौकट काठोकाठ भरते. ६०० लावलेल्या माणसाला फक्त डोकं मिळतं. गाडी मागं घ्यायला म्हणावं, तर मागं दुसरी गाडी असते.

ताडोब्याचे फोटो पाहून मेळघाटात येणाऱ्यांची इथं फार निराशा होते. तिथं तलावाकाठी, उघड्यावर वाघ दिसतो. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला, पण हा मुलूख डोंगराचा, दऱ्यांचा आणि दाट सागाचा. पावसाळ्यानंतर झाडोरा इतका माजलेला असतो की नजर रस्त्याच्या कडेपलीकडं जात नाही. तिथं कितीही लांब पल्ल्याची लेन्स असली तरी ती पानांच्याच पहिल्या पडद्यावर जाऊन थांबते. मार्च ते मे या दिवसांत पानं झडून रान उघडं होतं, तेव्हा लांब पल्ल्याचा खरा उपयोग. माझं स्पष्ट मत असं की, मेळघाटासाठी पहिली लेन्स घ्यायची तर १००-४०० किंवा ७०-३०० घ्यावी. १५०-६०० हे पुढचं पाऊल, आणि तेही पक्ष्यांचा ध्यास लागला असेल तर.

आता उजेडाकडं येऊ. लेन्सवर दुसरा आकडा असतो तो तिचं तोंड किती उघडतं याचा. १.८, २.८, ४, ५.६ असे ते आकडे. फोकल लेंथला या आकड्यानं भागलं की आतल्या उघाडाचा व्यास मिळतो, म्हणून आकडा लहान तितकं तोंड मोठं. ५० मिलिमीटर आणि १.८ म्हणजे २८ मिलिमीटरचा उघाड, खिशात मावणारी लेन्स. ६०० आणि ४ म्हणजे १५० मिलिमीटर. एवढी रुंद काच घडवायची, तिच्यामागं तशाच आणखी काचा बसवायच्या, म्हणून ती लेन्स काही किलोंची होते आणि तिच्या किमतीत गाडी येते. ६०० आणि ६.३ हा मधला व्यवहार. उघाड सुमारे ९५ मिलिमीटर, वजन दोन किलोंच्या आसपास. १५०-६००च्या लेन्सेस सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या त्या याच तडजोडीमुळं.

तडजोडीची किंमत कुठं मोजावी लागते हे पाहायला जंगलात जायची गरज नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मल्लखांब इथल्या मुलांच्या अंगात भिनलेला. मल्लखांबावर मुलगा उलटा फिरून दसरंग घेतो, तेव्हा त्याचा हात स्थिर यायला शटर सेकंदाचा हजारावा भाग एवढंच उघडं ठेवावं लागतं. सभागृहातल्या दिव्यांखाली हे फार कठीण. समजा किट लेन्सचं तोंड ५.६ आहे आणि चित्र नीट उजळायला आयएसओ (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा) १२,८०० वर न्यावा लागतो. त्या आकड्यावर चेहऱ्यावर दाणे दिसू लागतात, कातडीचा पोत जातो. २.८ची लेन्स लावली तर चौपट उजेड आत येतो आणि आयएसओ ३,२०० पुरतो. १.८ची लावली तर साधारण १,३००. खेळाडू तोच, दिवे तेच, कॅमेराही तोच.

म्हणून सभागृहातल्या खेळासाठी ८५ मिलिमीटर १.८ ही लेन्स मला फार मोलाची वाटते. ७०-२००, २.८ ही व्यावसायिकांची आवडती खरी, पण तिच्या किमतीच्या थोड्या भागात ८५ येते आणि उजेड तिच्याहून जास्त देते. झूम नसतं, एवढं मान्य करायचं. मल्लखांब जागेवरून हलत नाही, त्यामुळं झूमची उणीव इथं भासतही नाही. तळेगाव दशासरच्या शंकरपटाचं गणित मात्र उलट. बैलजोडी उघड्यावर, लख्ख उन्हात धावते, उजेडाची ददात नाही, पण अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तिथं झूमच हवं आणि १००-४००चं तोंड लहान असलं तरी चालतं. धुरकऱ्याचा चेहरा आणि बैलांच्या नाकपुड्या एका चौकटीत आणायच्या, तर जोडी बऱ्यापैकी दूर असतानाच टिपावी लागते. जवळ आल्यावर टिपायच्या मोहानं धावपट्टीच्या तोंडाशी कुणी उभं राहू नये. सुटलेली जोडी वळत नाही.

उजेडाच्या बाबतीत लेन्सची ताकद कुठं संपते हेही सांगायला हवं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसायला मिळतं. बरेचजण महागडी लेन्स घेऊन वर चढतात. पूर्ण चांदण्यातसुद्धा २.८च्या तोंडाला, ३,२०० आयएसओवर, साधारण एक सेकंद उघडं राहावं लागतं, आणि झाडाच्या सावलीत त्याहून कितीतरी जास्त. सेकंदभर पाणवठ्यावरचं जनावर हलणार नाही असं कधी होत नाही. फ्लॅश तर मारायचाच नसतो. त्या रात्री दुर्बीण न्यावी आणि डोळ्यांनी पाहावं.

गर्दीतलं छायाचित्रण हा वेगळाच विषय. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड यात्रा निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावरून आणून राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा, अशी ही रीत. १९४४च्या दुष्काळात ती सुरू झाली असं सांगतात. शिवभक्त मंडळांच्या मोठमोठ्या कावडी, त्यांना बांधलेली ओळीनं भरणी, ढोल, पालख्या, आणि दोन्ही कडेला माणसांच्या भिंती. तुम्ही आणि खांदा देणारा तरुण यांच्यात दीड मीटरच्यावर जागा कुणी ठेवतच नाही. दीड मीटरवरून ३५ मिलिमीटरची लेन्स, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, आडव्या चौकटीत माणसाचा साधारण एक मीटर दाखवते, म्हणजे डोक्यापासून कमरेच्या जरा खालपर्यंत. २४ मिलिमीटरनं कॅमेरा उभा धरला तर तोच तरुण पायापासून खांद्यावरच्या कावडीसकट मावतो. एपीएस-सी सेन्सर लेन्सच्या दृश्याचा मधला भागच घेतो, म्हणून त्यावर हेच दृश्य मिळवायला अनुक्रमे २३-२४ आणि १६ मिलिमीटर लागतात. ७०-२०० गळ्यात घालून कावडीत शिरलेल्याला एखादा कान आणि गुलालानं माखलेला गाल एवढंच मिळतं. कुणाच्या तरी गच्चीवर जागा मिळाली तर मात्र त्याच लेन्सनं कावडींची अख्खी रांग, भरण्यांवर भरणी रचल्यासारखी, दाटीवाटीनं दिसते.

ही दाटी लेन्स निर्माण करते असा सर्वत्र समज आहे. दाटी निर्माण होते ती अंतरामुळं. दोन कावडींत दहा मीटरचं अंतर असेल आणि तुम्ही पहिलीपासून दोन मीटरवर उभे असाल, तर दुसरी सहापट दूर आहे, म्हणून एक षष्ठांश दिसते. तुम्ही शंभर मीटरवर असाल तर पहिली शंभरावर, दुसरी एकशे दहावर, दोघी जवळजवळ सारख्याच दिसणार. लांब पल्ल्याची लेन्स फक्त तो दूरचा तुकडा कापून मोठा करून देते. हे एकदा पटलं की लेन्स निवडायचा क्रम बदलतो. आधी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं. त्या जागेवरून हवं तेवढंच चौकटीत येईल अशी लेन्स मग लावायची.

लग्नातल्या फोटोंचं बरंच काही याच एका गोष्टीवर ठरतं. अर्ध्या मीटरवरून चेहरा टिपला तर नाक कानापेक्षा जवळ असल्यानं सुमारे पाव हिश्शानं मोठं उमटतं. दोन मीटरवरून टिपला तर हा फरक पाच-सहा टक्क्यांवर येतो. हळदीच्या वेळी नवरीच्या अगदी तोंडाशी मोबाइल नेणारी भावंडं नेमकं हेच बिघडवतात, कारण मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरचं दृश्य देतो आणि चेहरा मोठा दिसावा म्हणून माणूस आपोआप जवळ सरकतो. पूर्ण सेन्सरवर ८५, एपीएस-सीवर ५० लावून दोन पावलं मागं राहिलं की चेहरा जसा आहे तसा येतो, आणि मागची मंडपाची झालर, खुर्च्या, पंखे हे सगळं विरघळून जातं. व्यासपीठावर नातेवाइकांची रांग उभी राहते तेव्हा अगदी रुंद लेन्स लावू नये. १६-१८ मिलिमीटरवर कडेची माणसं ताणली जातात, आणि कडेला बहुधा मावश्या-आत्या असतात. अल्बम आल्यावर त्या बोलून दाखवतात ते योग्यच आहे. खुर्च्यांच्या दोन रांगा हलवायला सांगून मागं जावं.

किल्ल्यांवर रुंद लेन्सला पर्याय नसतो. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजा हा पंधराव्या शतकाच्या अखेरचा. कमळांची नक्षी, अरबी लेख, पुढं आलेले गोख आणि त्यांच्या दगडी जाळ्या, असा तो नटलेला. इथं वास्तू मोठी आणि मागं जायला जागा थोडी, त्यामुळं एपीएस-सीवर १० ते १८च्या घरातली लेन्स उपयोगी पडते. ती वापरताना कॅमेरा वर झुकवला की दरवाजा मागं कलंडल्यासारखा दिसतो. कॅमेरा सपाट धरावा, थोडी जास्तीची जमीन येऊ द्यावी आणि ती नंतर कापावी. जाळीच्या नक्षीसाठी मात्र तिथंच ७०-३०० बाहेर काढावी.

चिखलदऱ्याला उलटं घडतं. दरीच्या कड्यावर उभं राहून जो तो रुंद लेन्स लावतो, कारण डोळ्यांना दृश्य रुंद दिसतं. चित्रात येते ती वर आकाशाची पट्टी, खाली रेलिंग आणि मधे बोटभर डोंगर. गाविलगडच्या रांगांचं खरं रूप मला लांब पल्ल्यानंच मिळालेलं आहे. पावसाळ्यात धुकं दरीतून वर येताना एकामागे एक कडे फिकट होत जातात. १५०-२०० मिलिमीटरनं त्यातला एखादाच तुकडा घेतला की ते थर दिसू लागतात.

आता कापसाच्या शेतात जाऊ. अकोल्याला १९६९पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि शेतातली कीड ओळखणं हे या भागातलं सर्वांत उपयोगी छायाचित्रण आहे असं मला मनापासून वाटतं. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून फुलांवर लक्ष ठेवायची सवय शेतकऱ्यांना लागली. अळी आत असलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या आत गुंडाळल्या जातात. त्याला आपल्याकडं डोमकळी म्हणतात. डोमकळी टिपायला वेगळी लेन्स लागतच नाही. किट लेन्स ५५वर ठेवून अगदी जवळ गेलात तर सुमारे आठ सेंटीमीटर रुंदीचं दृश्य चौकटभर येतं. फूल त्यात आरामात मावतं. कृषी सहायकाला पाठवायला एवढं पुरे.

अळी टिपायची तर मॅक्रो लागते. पूर्ण वाढलेली बोंडअळी साधारण १२ मिलिमीटरची. खरी मॅक्रो लेन्स वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूएवढीच पाडते, म्हणजे साडेतेवीस मिलिमीटरच्या चौकटीत अळी निम्मी जागा व्यापते आणि अंगावरची गुलाबी छटा, काळसर डोकं, सगळं स्पष्ट दिसतं. मॅक्रो ४०, ६०, ९०, १०० अशा पल्ल्यांत मिळते. स्वस्त म्हणून ४०ची घ्यावीशी वाटते, पण ती एवढी मोठी प्रतिमा देते तेव्हा लेन्सच्या तोंडापासून कीटक जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटरवर असतो. लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. १००च्या आसपासची घेतली तर १३ ते १५ सेंटीमीटर मोकळे मिळतात. शेतासाठी तीच घ्यावी. पैसे आत्ता नसतील तर ५०च्या लेन्समागं २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावावी. आत काच नसलेली ही नुसती नळी असते, आणि तिनं प्रतिमा वस्तूच्या निम्मी तरी येतेच. एक अडचण कुठल्याही मॅक्रोला चुकत नाही. एवढ्या जवळून, ८वर तोंड ठेवलं तरी, अर्ध्या-पाऊण मिलिमीटर खोलीचाच भाग तीक्ष्ण येतो. वाऱ्याची झुळूक आली की अळी त्यातून बाहेर. म्हणून बोंड तोडून सावलीत, टेबलावर ठेवून फोटो काढणं हेच शहाणपणाचं. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्यावर कोळशी आणणारी काळी माशी तर दीड मिलिमीटरच्या आतबाहेरची. तिला मॅक्रोही अपुरी पडते, तिथं सूक्ष्मदर्शकच हवा.

वऱ्हाडात एक शत्रू असा आहे की ज्याच्यापुढं कोणतीही लेन्स चालत नाही. तो म्हणजे इथलं ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. काळी जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर उठते, आणि गरम-थंड हवेचे थर प्रकाशाला सारखे वाकवत राहतात. मृगजळ दिसतं ते यामुळंच. पडीक शेतात ८० मीटरवर काळवीट उभं आहे, तुमच्याकडे हजारोंची ४०० आहे, आणि चित्रात काळविटाच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या थरथरतात. कितीजण अशा वेळी लेन्स सदोष म्हणून दुकानात परत घेऊन जातात! लेन्सचा काही दोष नसतो. तेच काळवीट सकाळी सूर्य उगवल्यावर पहिल्या तासात टिपावं, जमीन गार असते. अंतर वाढेल तसा हवेचा हा थर जाड होतो, म्हणून आणखी लांब पल्ल्याची लेन्स घेऊन उपयोग नाही. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधे बसणारा २ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावणं तर इथं पैसे पाण्यात घालणं आहे. तो प्रकाश चौथाईवर आणतो आणि हवेची थरथरही दुप्पट मोठी करून दाखवतो. हिवाळ्यात अप्पर वर्धा किंवा काटेपूर्णाच्या पाण्यावर येणाऱ्या बदकांसाठी हवा चांगली असते, पण अंतर मोठं. शंभर मीटरवरचा पाऊण मीटरचा पक्षी ६००नंसुद्धा साडेचार मिलिमीटर भरतो. काठाशी आडोसा करून पहाटेपासून बसणाऱ्याला ३००नं याहून सरस चित्र मिळतं.

विकत घेण्याबद्दल विचाराल, तर मी आधी तुमचे जुने फोटो उघडायला सांगेन. प्रत्येक फोटोसोबत तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद संगणकात दिसते. बहुतेक चित्रं १८वर असतील तर तुम्हाला आणखी रुंद हवी आहे. सगळी ५५वर अडकलेली असतील तर लांब हवी. मधेच असतील आणि अंधुक असतील तर ५० मिलिमीटर १.८ घ्या. ही बहुतेक कंपन्यांच्या यादीतल्या सर्वांत स्वस्त लेन्सेसपैकी एक, आणि शिकवते सगळ्यांत जास्त. महागडी लेन्स घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणावी आणि ज्या कामासाठी हवी तेच काम तिच्यावर करून पाहावं.

जुनी लेन्स घेताना विजेरी लागते. दोन्ही टोपणं काढून, तोंड पूर्ण उघडून, मागून प्रकाश टाकावा आणि पुढून तिरकं पाहावं. धुळीचे चार कण असतील तर दुर्लक्ष करावं. कोळिष्टकासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. ती काचेवरचा मुलामा खाते, आणि साफ केली तरी डाग राहू शकतो. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्यावी. चिखलदऱ्यात पावसाळाभर राहणाऱ्यांनी तर आपली लेन्स कापडी बॅगेत मुळीच ठेवू नये. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या मंद तव्यावर वाळवून पुन्हा वापराव्यात.